दाढेमुळे गाल सुजला: उद्या गेलं तर चालेल, की आत्ताच निघायचं?

लेख वाचायला घेण्याआधी एवढं बघा. दाढेच्या दुखण्याने ज्याचा चेहरा सुजला आहे, त्याला श्वास घ्यायला जड जातंय का? स्वतःची थुंकी गिळवत नाही म्हणून लाळ ओघळतेय का? जीभ वर उचलली गेलीय आणि आवाज तोंडात गरम घास धरून बोलल्यासारखा येतोय का? सूज हनुवटीखाली, गळ्याकडे उतरलीय का? डोळा मिटत चाललाय का? माणूस गुंगीत आहे, असंबद्ध बोलतोय का? यातलं एकही असेल तर वाचन इथेच थांबवा आणि १०८ ला फोन करा. रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या गाडीने मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. दातांच्या दवाखान्यात जाऊ नका, आणि उजाडायची वाटही बघू नका.

यातलं काही नाही, पण गाल सुजलाय, अशांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी पुढचं सगळं लिहितो आहे.

सूज आली की ठणका का कमी होतो

दाताची नस ज्या पोकळीत असते तिच्या भिंती चहूबाजूंनी टणक असतात. तिथे पू झाला की त्याला पसरायला जागाच नसते, म्हणून रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही असा ठणका लागतो. मग तो पू मुळाच्या टोकातून बाहेर पडतो, जबड्याचं हाड पोखरतो आणि हाडाबाहेरच्या मऊ भागात उतरतो. दाब सुटतो, ठणका निम्म्यावर येतो आणि सकाळी आरशात गाल सुजलेला दिसतो. खुर्चीत बसता बसता कितीतरी पेशंट हे मोठ्या समाधानाने सांगतात, "डॉक्टर, आता दुखत नाही, नुसती सूज आहे." खरं तर हाडात कोंडलेलं इन्फेक्शन आता बाहेर सुटलेलं असतं. म्हणूनच दुखणं किती आहे यावरून काहीही ठरवू नका. तोंड किती उघडतं, गिळता येतं का आणि सूज कुठल्या दिशेने चाललीय, यावरून ठरवा.

ही दिशा दातावर अवलंबून असते. वरच्या सुळ्याचा पू नाकाच्या बाजूने डोळ्याखाली चढतो. वरच्या पुढच्या दातांचा ओठात उतरतो. सगळ्यात जास्त धास्ती असते ती खालच्या मागच्या दाढांची, म्हणजे दुसरी मोठी दाढ आणि अक्कलदाढ. जिभेखाली तोंडाचा जो तळ असतो तो स्नायूंच्या पातळ पडद्याने बनलेला आहे. या दाढांच्या मुळांची टोकं त्या पडद्याच्याही खाली असतात. त्यामुळे त्यांचा पू तोंडात न येता सरळ जबड्याखाली, गळ्याच्या वरच्या भागात उतरतो. तोंडात बघितलं तर हिरडी जवळपास ठीक दिसते आणि बाहेर गळा भरत चाललेला असतो.

जबड्याखालची आणि जिभेखालची जागा दोन्ही बाजूंनी अशी भरली तर त्या अवस्थेला लुडविग्ज अँजायना म्हणतात. विल्हेल्म फ्रीडरिश फॉन लुडविग या जर्मन डॉक्टरांनी १८३६ साली तिचं वर्णन केलं. अँटिबायोटिक येण्याआधीच्या काळात यातले निम्म्याहून जास्त रुग्ण दगावत. आज बहुतेक वाचतात, पण वेळेत पोचले तरच. सुजलेला तळ जिभेला वर आणि मागे ढकलतो आणि श्वासाची वाट बंद होते. सकाळी नुसती हनुवटीखाली जड वाटणारी सूज संध्याकाळपर्यंत या टोकाला जाऊ शकते.

घरी तपासायचं कसं

पेशंटला उजेडात खुर्चीवर ताठ बसवा. हात धुवा, मोबाइलचा टॉर्च आणि थर्मामीटर जवळ घ्या.

पहिली तपासणी तोंड उघडण्याची. पेशंटने स्वतःची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघायची. बहुतेकांची तीन बोटं जातात. दोनच जात असतील तर इन्फेक्शन चावण्याच्या स्नायूंपर्यंत पोचत चाललंय, त्याच दिवशी दाखवा. जेमतेम एक जात असेल तर थेट रुग्णालय. जबरदस्तीने तोंड फाकवू नका. मागे किती सूज आहे हे तोंड बंद असताना दिसत नाही, आणि अशा माणसाचा श्वास अडला तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही नळी घालणं फार कठीण जातं. दातखिळी बसल्यासारखं होणं एवढं गंभीर का मानतात, ते यावरून कळेल.

दुसरी तपासणी जबड्याच्या कडेची. ही बहुतेकांना ठाऊक नसते, पण मला सगळ्यात उपयोगाची वाटते. कानाच्या पाळीखालून सुरुवात करा आणि जबड्याच्या खालच्या हाडाच्या कडेवरून हळूहळू बोट हनुवटीपर्यंत न्या. आधी चांगल्या बाजूला करा, म्हणजे ती कड बोटाला कशी लागते ते कळेल. मग सुजलेल्या बाजूला करा. कड स्पष्ट लागत असेल तर सूज अजून गालातच आहे. कड हरवली असेल, बोट सुजेवरूनच गळ्याकडे घसरत असेल, तर सूज जबड्याखाली उतरली आहे. मग गाल वरून कितीही कमी सुजलेला दिसो, रुग्णालय गाठा.

त्यानंतर जीभ. ती ओठांबाहेर येते का, टोक टाळूला लागतं का, हे बघा. जिभेखालचा भाग टॉर्चने बघा. तो फुगून दातांच्या उंचीला आला असेल, बोट लावल्यावर टणक लागत असेल, तर थांबू नका. लाळ गळत नसेल तर एक घोट पाणी पिऊन बघायला सांगा. घोट घेताना मान वाकडी करावी लागते का, पाणी परत येतं का? रात्री आडवं झोपता आलं का, तेही विचारा. उशा लावून बसूनच रात्र काढली असेल तर श्वासाची वाट अरुंद होत असण्याची शक्यता आहे. आडवं झोपवून खात्री करायला मात्र जाऊ नका. नाव, गाव, काय होतंय, हे सलग बोलायला सांगा. मध्ये मध्ये दम घ्यावा लागत असेल किंवा श्वासाबरोबर घरघर ऐकू येत असेल तर तेवढं पुरे आहे.

वरच्या दातांची सूज असेल तर डोळा नीट बघा. पापणी थोडी सुजली आणि डोळा उघडतोय, दिसतंय छान, तरी त्याच दिवशी दाखवा. पापणी पूर्ण मिटली, डोळा हलवताना दुखतो, एकाच्या दोन वस्तू दिसतात, डोळा पुढे आल्यासारखा वाटतो, किंवा जोडीला भयंकर डोकं दुखतंय, तर ती इमर्जन्सी आहे. चेहऱ्याच्या शिरांतून इन्फेक्शन मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या शिरेपर्यंत जाऊ शकतं. क्वचित घडतं, पण घडलं तर दृष्टी आणि जीव दोन्ही पणाला लागतात.

ताप गोळी देण्याआधी मोजा. पॅरासिटामॉल पोटात गेल्यावर थर्मामीटरने ९९ दाखवलं याला काही अर्थ नाही. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप म्हणजे इन्फेक्शन फक्त दातापुरतं राहिलेलं नाही. नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. शांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी १०० च्या वर राहत असेल, जोडीला थंडी वाजत असेल, लघवी कमी झाली असेल, तर इन्फेक्शन रक्तात पसरत असण्याची शक्यता असते. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर बऱ्याच घरांत अजून आहे. त्यावर ९८ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. श्वासाची वाट अरुंद होत असताना ऑक्सिजनचा आकडा बराच काळ चांगला राहतो आणि अगदी शेवटी घसरतो.

शेवटी बॉलपेनने सुजेच्या कडेने त्वचेवर रेघ काढा, बाजूला वेळ लिहा आणि समोरून व त्या बाजूने फोटो काढा. दोन-तीन तासांनी पुन्हा बघा. सूज रेघेबाहेर गेली असेल तर सकाळची अपॉइंटमेंट रद्द समजा आणि निघा. डॉक्टरांनाही हा फोटो फार कामाचा असतो, कारण सूज किती आहे यापेक्षा किती वेगाने वाढली हे त्यांना आधी जाणून घ्यायचं असतं.

सूज हाताला कशी लागते हेही बघा. मऊ, पिठाच्या गोळ्यासारखी सूज सुरुवातीची असते. मध्ये दाबलं तर आत पाणी हलल्यासारखं वाटतं तिथे पू एका जागी साठलेला असतो आणि तो काढता येतो. लाल, गरम आणि लाकडासारखी टणक सूज जास्त वाईट, कारण तिथे इन्फेक्शन अजून पसरतंय. "पू दिसत नाही म्हणजे साधं असेल" हा समज म्हणूनच उलटा आहे.

कधी जायचं

सुरुवातीला लिहिलेली लक्षणं, एकच बोट जाईल एवढं तोंड, जबड्याची हरवलेली कड, तासागणिक वाढणारी सूज: आत्ता, रात्रीचे दोन वाजले असले तरी. ताप, दोन बोटं उघडणारं तोंड, डोळ्याखाली चढलेली सूज, गोळ्या सुरू असूनही वाढणारी सूज: आज. हिरडीवर फोड किंवा गालाला थोडी सूज आहे, पण जेवण जातंय, ताप नाही, तोंड पूर्ण उघडतंय: आज किंवा फार तर उद्या, दातांच्या डॉक्टरांकडे. चौथा पर्याय, म्हणजे "बघू आठवडाभर", इथे नाहीच.

काही माणसांना एक पायरी वरच धरा. मधुमेह असलेल्यांची आधी साखर तपासा. इन्फेक्शनमुळे साखर वाढते आणि वाढलेल्या साखरेमुळे इन्फेक्शन आवरत नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसची, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराची, जी लाट पाहिली, तीत अनेकांची सुरुवात वरच्या जबड्यात दुखणं, दात अचानक हलू लागणं आणि गाल सुजणं अशीच झाली होती. म्हणून मधुमेही माणसाच्या सुजलेल्या गालाला बधिरपणा असेल, नाकातून काळपट स्राव येत असेल, टाळू काळी पडली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय. स्टेरॉइड किंवा कॅन्सरची औषधं घेणारे, किडनीचे आजारी आणि खूप वयस्क माणसं यांना इन्फेक्शन गंभीर असूनही ताप येईलच असं नाही. गरोदर बाईने "बाळंतपणानंतर बघू" म्हणून अजिबात थांबू नये. दाताचं इन्फेक्शन काढणं कुठल्याही महिन्यात करता येतं, ते पसरू देणं मात्र आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचं. लहान मुलांची सूज दुधाच्या दाताने आली तरी वेगाने वाढते. मूल पाणी पीत नसेल, मलूल झालं असेल, डोळा सुजत असेल, तर रात्र काढू नका.

तोवर घरी काय करायचं, काय नाही

हळद-चुन्याचा लेप लावून, गालाला फडकं गुंडाळून आलेला माणूस आमच्याकडे नवा नाही. तो लेप आधी धुऊन काढावा लागतो, कारण खाली त्वचा किती लाल आहे, सूज कुठे संपते, काही दिसत नाही, आणि चुन्याने कातडी भाजलेली असते ती वेगळीच. लेप लावू नका. गरम पिशवीने किंवा तव्यावर तापवलेल्या फडक्याने बाहेरून शेकू नका. दहा मिनिटं थंड पट्टी ठेवून बघा, बरं वाटेल. तोंडातल्या तोंडात कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा चालतील. सुईने फोडणं, किडलेल्या दाढेत मिश्री किंवा तंबाखू भरणं, ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवणं, यातलं काहीही करू नका. ॲस्पिरिनने हिरडी पांढरी पडून भाजते.

दुखण्यासाठी मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ठीक आहे, चोवीस तासांत एकूण ४ ग्रॅमच्या वर कधीही नाही, आणि यकृताचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते धरून मोजा. आयबुप्रोफेन चांगलं काम करतं, पण अल्सर, किडनीचा त्रास, गरोदरपण, रक्त पातळ करणारी गोळी किंवा डेंग्यूची शंका असेल तर घेऊ नका. १२ वर्षांखालच्या मुलांना निमेसुलाइड देण्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे. घरात उरलेली असली तरी देऊ नका.

आता मेडिकलमधून मागून आणलेल्या अँटिबायोटिकबद्दल. नस मेलेल्या दातात रक्तपुरवठा उरलेला नसतो, त्यामुळे औषध मुळाच्या आत पोचतच नाही. बाहेरचं इन्फेक्शन चार दिवस दबतं, सूज उतरते, माणूस दात विसरतो, आणि पुढच्या वेळी येणारी सूज जास्त जोराची असते. इन्फेक्शनचं मूळ काढावंच लागतं, मग ते रूट कॅनालने, दात काढून किंवा छेद देऊन. गोळी त्याच्या जोडीला असते. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरची स्टेरॉइडची गोळी तर सूज उतरल्याचं नाटक करते आणि आत इन्फेक्शनला रान मोकळं करून देते. ती कोणाच्याही सांगण्यावरून घेऊ नका.

कुठे जायचं आणि जाताना

इमर्जन्सीची लक्षणं असतील तर जिथे भूलतज्ज्ञ, सीटी स्कॅन आणि आयसीयू आहे असं ठिकाण हवं: मेडिकल कॉलेज, जिल्हा रुग्णालय किंवा मोठं खासगी रुग्णालय. अशा केसेस तोंड-जबड्याचे सर्जन किंवा कान-नाक-घशाचे सर्जन बघतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर आहे आणि गोव्यात बांबोळीला दंत महाविद्यालय मेडिकल कॉलेजच्या शेजारीच आहे. पण ओपीडीची वेळ संपल्यावर थेट मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत जा. गावापासून हे सगळं लांब असेल तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सलाइन आणि पहिलं इंजेक्शन घेऊन तिथूनच १०८ ने पुढे हलायला सांगा. निघण्याआधी फोन करून "दाढेची सूज आहे, गळ्याकडे उतरलीय, तोंड उघडत नाही" असं सांगा. "दात दुखतोय" एवढंच सांगितलं तर सकाळी या म्हणतील.

पेशंटला बसवून न्या, थोडं पुढे वाकून. आडवं झोपवू नका, दुचाकीवर मागे बसवून नेऊ नका. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून वाटेत चहा-बिस्किटं नकोत; शेवटचं खाणं-पिणं कधी झालं ते लक्षात ठेवा. घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, साखरेची आणि रक्तदाबाची औषधं, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे याची माहिती, जुने एक्सरे सोबत घ्या.

पैशांसाठी दारातून परत जाऊ नका. जीव वाचवण्याचे उपचार देणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला गाठा.

रुग्णालयात काय होतं

हे मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण घरचे लोक घाबरून सही करायला वेळ लावतात आणि तोच वेळ महागात पडतो. आधी श्वास बघतात. मग शिरेतून सलाइन आणि अँटिबायोटिक, रक्ताच्या आणि साखरेच्या तपासण्या, जमल्यास गळ्याचा सीटी. त्यानंतर ऑपरेशन थिएटरमध्ये जबड्याखाली बाहेरून छोटे छेद देऊन साठलेला पू किंवा दाब मोकळा करतात आणि काही दिवस तिथे रबराची नळी ठेवतात. कारणीभूत दाढ बहुतेक वेळा त्याच वेळी काढतात. "सूज असताना दात काढत नाहीत" हे घराघरांत ऐकू येतं. साध्या सुजेत कधी काढायचा हे डॉक्टर ठरवतील, पण पसरत्या इन्फेक्शनमध्ये मूळ आत ठेवून वाट बघण्यात काही शहाणपण नाही.

भूल देताना नाकातून दुर्बिणीच्या साहाय्याने श्वासनलिकेत नळी घालावी लागते, कधी पेशंट जागा असतानाच. तेही जमणार नसेल तर गळ्याला पुढून छोटं भोक पाडून नळी बसवतात, तिला ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात. हे ऐकून नातेवाईकांचे पाय लटपटतात. ती नळी बहुतेकांची काही दिवसांत निघते, भोक भरून येतं आणि आवाज परत येतो. डॉक्टरांनी हा शब्द उच्चारला तर "गावाकडच्या मोठ्या भावाला विचारून सांगतो" म्हणून तासभर काढू नका.

दातांच्या डॉक्टरांकडे गेलात तर

एक्सरे काढतील, दात उघडून किंवा हिरडीला छेद देऊन पू वाहता करतील. नुसती चिठ्ठी हातात आली तर दोन प्रश्न विचारा: दाताचं काम आज नाही तर कुठल्या तारखेला? आणि सूज वाढली तर रात्री कोणाला फोन करू? उपचारानंतर दोन-तीन दिवसांत सूज उतरणीला लागायला हवी. त्याआधीही वाढली, तोंड आणखी बंद झालं, तर औषधाचा कोर्स पुरा व्हायची वाट न बघता परत जा.

दाढ काढल्यानंतर, विशेषतः अक्कलदाढेनंतर, येणारी सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरते. तिसऱ्या दिवसानंतर ती वाढू लागली, ताप आला, तर ते इन्फेक्शन समजा.

प्रत्येक सूज दाताचीच असते असंही नाही. गालगुंडात कानाखालचा भाग फुगून पाळी वर उचलली जाते. ओठ आणि जीभ मिनिटा-तासांत फुगत असतील, नवीन औषध किंवा खाणं झालं असेल, तर ती ॲलर्जी आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही अशी सूज येते. तीही इमर्जन्सीच. सूज नाही, पण जबडा दुखतोय, घाम फुटलाय, छातीत दडपल्यासारखं होतंय, तर दाताकडे न बघता ईसीजी काढा.

रुग्णालयातून घरी आल्यावर तोंड काही दिवस कमीच उघडतं. डॉक्टर हो म्हणाले की दिवसातून चार-पाच वेळा तोंड हळूहळू उघडण्याचा सराव करा. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि दर दोन दिवसांनी एक वाढवायची. ती दाढ काढलेली नसेल, फक्त पू काढला असेल, तर डिस्चार्जच्या कागदावर पुढच्या उपचाराची तारीख लिहून घेतल्याशिवाय वॉर्डातून बाहेर पडू नका.